आठव्या दिवशी

तुमच्या दोन्ही तळव्यांवर एका माणसाचं डोकं आहे. टेबलाच्या कडेबाहेर काढलेलं, मागं झुकवलेलं, मान ताणलेली, तोंड छताकडे. काम एवढंच, की ते हलू द्यायचं नाही आणि सांगतील तसं बोटभर वर किंवा बोटभर खाली घ्यायचं. समोरून येणारी नळी वाकत नाही. धातूची, सरळ, आतून पोकळ. तोंड, घसा आणि अन्ननलिका तिच्यासाठी एका रेषेत धरून ठेवायची, हे तुमच्या मनगटांवर आहे. मनगटं आत्ताच भरून आली आहेत आणि नळी अजून जेमतेम घशापर्यंत पोचली आहे.

स्टॉकहोम. १९३० चं दशक संपायला आलंय. नळीच्या तोंडाशी दोन डॉक्टर आहेत: कान-नाक-घशाचे पॉल फ्रेंकनर आणि छातीचे सर्जन क्लारेन्स क्राफोर्ड. त्यांचं स्वीडिश तुम्हाला कळत नाही, पण आवाजातली घाई कळते. डोकं क्षणभर दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्हीही नळीत डोकावता. खाली, जिथे अन्ननलिका जठराला मिळते तिथे, निळ्या, गाठीगाठींच्या शिरा भिंतीतून पुढे आल्या आहेत. वर पातळ अस्तर, आत रक्त.

त्या तिथे असायलाच नको होत्या, निदान एवढ्या जाड तरी. आतड्यांचं आणि पाणथरीचं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं, तिथून हृदयाकडे. यकृत आक्रसलं, कडक झालं किंवा ती शीरच बुजली, की धरणाचे दरवाजे बंद आणि वरून पाऊस चालू अशी गत होते. रक्त मिळेल त्या ओहोळाने वर निघतं. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या शिरा हे त्यातले सगळ्यात धोक्याचे ओहोळ. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतल्या दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १० वर गेला की शिरा फुगायला लागतात आणि १२ ओलांडला की फुटू शकतात. फुटल्या की माणूस घमेलंभर रक्त ओकतो, आणि पुष्कळदा तो त्याचा शेवटचा दिवस असतो.

लांब सुई नळीतून खाली जाते. सिरिंजमध्ये क्विनीनचं द्रावण आहे, कारण पायांच्या फुगलेल्या शिरांमध्ये असलं काही टोचून त्या सुकवायची पद्धत रुळलेली आहे आणि या दोघांना साधा प्रश्न पडलाय: मग इथे का नको? शीर फुगते, फिकी पडते. आत रक्त गोठतं, अस्तर पोळतं, पुढे तिथे वण धरून शीर बंद होते. एकदा टोचून भागत नाही, पुनःपुन्हा टोचावं लागतं. त्यांचा हा लेख १९३९ साली छापून येतो.

या प्रवासाचा नियम आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक ठिकाणी तुम्ही दुय्यम: डोकं धरणारे, सिरिंज दाबणारे, रात्रपाळीचे. गतकाळात बोलायची मुभा नाही. मात्र कुठल्याही खोलीतून तुम्हाला त्या रुग्णाच्या पुढच्या दिवसांत जाता येईल, आणि जायचंच आहे. कारण रक्त थांबतं ते खोलीत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, मिनिटांत. त्याची किंमत वसूल होते नंतर: दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, दीड महिन्याने. जो खोलीतच थांबला त्याला हा उपचार नेहमी यशस्वीच दिसला.

पुढे निघता तर वाटेत महायुद्ध लागतं आणि त्यामागोमाग सर्जनांचं नवं प्रेम. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिपल आणि ब्लेकमोर यकृताला वळसा घालून पोर्टल शिरेचं रक्त थेट मोठ्या शिरेत सोडायला लागतात. दाब उतरतो, रक्त थांबतं. पण यकृताने गाळायचं ते न गाळता मेंदूपर्यंत जातं. माणूस वाचतो आणि गुंगतो, घरच्यांची नावं विसरतो. या शस्त्रक्रियेच्या भरात सुई आणि सिरिंज पंधरा-वीस वर्षं जवळजवळ अडगळीत पडली. मला यात नवल वाटत नाही. मोठी शस्त्रक्रिया करता येत असताना सुई टोचत बसणं कुणाला रुचणार?

१९५० च्या आसपासची एक रात्र मात्र चुकवू नका. खाटेवर एक माणूस, नाकातून रबरी नळी आत गेलेली, बाहेरच्या टोकाला ताण देऊन बांधलेली. नळीवर दोन फुगे आहेत, एक जठरात, एक अन्ननलिकेत. सेंगस्टाकेन आणि ब्लेकमोर यांची ही युक्ती. फुगे शिरांना आतून दाबून धरतात. तुम्ही रात्रपाळीला आहात आणि उशाशी दोरीने कात्री टांगली आहे. ती कशासाठी, हे पहाटे कळतं. खालचा फुगा फुटतो, ताणामुळे वरचा सरकून घशात येतो, माणसाचा श्वास कोंडतो, डोळे बाहेर येतात. गाठी सोडत बसायला वेळ नसतो. नळी आडवी कापायची, फुगे बसतात, सगळं ओढून बाहेर. तसं काही झालं नाही तरी चोवीस तासांत फुगे सोडावेच लागतात, नाहीतर दाबाखालची भिंत मरते. आणि सोडल्यावर जवळजवळ निम्म्या रुग्णांत रक्त पुन्हा सुरू होतं.

बेलफास्टमध्ये मात्र सुई कुणी टाकली नव्हती. रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात १९५८ पासून जॉन्स्टन आणि रॉजर्स ताठ नळीतून, पूर्ण भूल देऊन, इथॅनोलअमीन ओलिएट टोचत राहिले. १९७३ साली त्यांनी पंधरा वर्षांचा हिशेब मांडला: ११७ रुग्ण, आणि ९३ टक्के वेळा रक्तस्राव आटोक्यात. हा लेख वाचून जगाने वळून पाहिलं. तोवर वाकणारी, काचतंतूंची दुर्बीणही आली होती. डोकं धरणाऱ्याची नोकरी गेली. टोचणं सोपं झालं, आणि सोपं झालं की जे होतं तेच झालं: लंडनमध्ये, केपटाउनमध्ये, दिल्लीत, चंदीगडमध्ये, मुंबईत, सगळीकडे टोचायला लागले.

म्हणून आता मुंबई, १९८० च्या दशकाचा मध्य. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचा पुरुषांचा वॉर्ड. रुग्णालयाचं नाव विचारू नका. जे दिसणार आहे ते त्या काळी कुठल्याही वॉर्डात दिसलं असतं. पंखे, लोखंडी खाटा, खाटांमध्ये गाद्या टाकून आणखी माणसं, फिनाइलच्या वासाखाली जुन्या रक्ताचा गोडसर वास. मावशी भांडी उचलतायत. तुम्ही निवासी डॉक्टर आहात आणि गेल्या काही दिवसांत ज्यांना टोचलं त्यांच्यापाशी सकाळचा राउंड घेताय.

पहिल्या खाटेवरच्या माणसाच्या छातीच्या हाडामागे दुखतंय, अंगात ताप आहे. हृदयाचा झटका आला असं तो समजून बसलाय. तुम्ही त्याला धीर देता. हे एक-दोन दिवसांत बहुतेकदा ओसरतं. तिसऱ्या खाटेवरच्याला टोचून तीन दिवस झालेत आणि त्याला उताणं झोपवत नाही. फुप्फुसाभोवती पाणी जमलंय. औषध अन्ननलिकेच्या भिंतीत मुरतं तेव्हा सीमा पाळत नाही, शेजारच्या पोकळीतही सूज चढते. पलीकडच्या कोपऱ्यातला माणूस फणफणलाय, मानेच्या कातडीखाली हवा कुरकुरते. सुईने जिथे पोळलं तिथे भिंत आरपार गेली आहे आणि छातीच्या मधल्या पोकळीत पू होतोय. त्याच्यासाठी तुम्ही धावपळ कराल, आणि ती पुरी पडेलच असं नाही. पाठीच्या कण्याचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडल्याचेही रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. या वॉर्डात तसा कुणी नाही, एवढं नशीब.

आता याच वॉर्डात आठवडाभर पुढे या. पहिल्या खाटेवरचा, ज्याला तुम्ही धीर दिला होता, तो रात्री काळीकुट्ट शी करतो आणि पहाटे रक्त ओकतो. दुर्बीण आत जाते. शीर बंद झालेली आहे. रक्त येतंय ते टोचल्याजागी पडलेल्या व्रणातून. हा व्रण अपवाद नव्हे. टोचलेल्यांपैकी पुष्कळांना तो पडतोच, कारण शीर सुकवायचं औषध भिंतीलाही जाळतं. प्रश्न फक्त एवढाच, की व्रण आधी भरतो की आधी एखादी शीर उघडी पाडतो. त्या काळचा एक मोठा घोळ इथे आहे: पुन्हा रक्त आलं की शीर पुन्हा फुटली असं समजून पुन्हा टोचायचं, व्रणावर व्रण.

आणि टोचायला काय, तर हाताशी असेल ते. कॉड माशाच्या तेलापासून बनवलेलं सोडियम मोऱ्हुएट. ते रक्तात जाऊन फुप्फुसं निकामी झाल्याचेही प्रकार घडले. पॉलिडोकॅनॉल. भारतात शुद्ध अल्कोहोलसुद्धा, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. यकृत ज्याने खाल्लं तेच शिरेत भरायचं, हा विनोद वॉर्डात कुणीतरी रोज करायचंच.

दीड महिना पुढे. दारात नऊ-दहा वर्षांचा मुलगा, शेजारी धोतरातला बाप. या पोराच्या यकृताला काही झालेलं नाही. त्याची पोर्टल शीर लहानपणीच बुजली. आपल्याकडे मुलांमध्ये रक्ताच्या उलट्यांचं हे मोठं कारण. टोचून त्याचं रक्त थांबलं, शाळा सुरू झाली.

"डॉक्टरसाहेब, पोरगं वरण-भात खातंय, पन भाकर गिळंना. छातीत अडकती म्हनतंय."

व्रण भरला तो अन्ननलिका आवळत. आता दर काही आठवड्यांनी त्याला इथे यायचं, वाढत्या जाडीच्या नळ्यांनी ती वाट रुंद करून घ्यायची, एसटीने परत जायचं. रक्त थांबलेल्यांच्या यादीत हा मुलगा यशस्वी म्हणून लिहिलेला आहे आणि ते खोटं नाही.

एवढं सगळं दिसत असूनही मोह असा, की शिरा फुगलेल्या दिसल्या की फुटायच्या आधीच टोचून टाकाव्यात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी हे नीट तपासायचं ठरवलं. दारूने यकृत गेलेले, शिरा फुगलेले, पण एकदाही रक्त न ओकलेले पुरुष. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. टोचलेल्यांत मृत्यू जास्त होत होते. १९९१ चा हा निकाल. माझ्या मते या सगळ्या इतिहासात याहून मोलाची गोष्ट दुसरी नाही, आणि ती एका न केलेल्या उपचाराची आहे.

डेन्व्हर, १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. तुमच्या तर्जनी-अंगठ्यात रबराची बारीकशी चकती आहे. मूळव्याधीच्या कोंबाला रबरी बँड लावून तो गाळून पाडायची पद्धत साठच्या दशकापासून चालू होती. ग्रेग व्हॅन स्टीगमन नावाच्या सर्जनाने तीच गुदद्वारातून अन्ननलिकेत आणली. दुर्बिणीच्या टोकाला पोकळ टोपण, त्यावर ताणून बसवलेला बँड. शीर टोपणात ओढून घ्यायची, दोरी खेचायची, बँड सुटून शिरेच्या मुळाशी आवळतो. जाळणं नाही, सुई नाही. पडद्यावर जांभळा गोळा लटकताना दिसतो आणि सगळ्या खोलीला हायसं वाटतं.

पण टोपणावर बँड एकच बसतो. लावला की दुर्बीण पूर्ण बाहेर काढायची, तुम्ही नवा चढवायचा, पुन्हा आत. एका बैठकीत असं अनेकदा. दर खेपेला घसा खरवडू नये म्हणून तोंडातून अन्ननलिकेपर्यंत एक जाडसर बाहेरची नळी बसवून ठेवलेली असते, तिच्यातून ये-जा. सोयीची वस्तू. आता ती बसवतानाच्या क्षणाकडे नीट बघा. नळी जाड, दुर्बीण बारीक. दोन्हींमध्ये फट राहते. पुढे ढकलताना अन्ननलिकेचं अस्तर त्या फटीत चिमटतं. कधी नुसता ओरखडा उठतो. कधी अस्तर फाटतं, भिंत फाटते, कधी शीरच फाटते. शिरेवरचा उपचार सुरूही झालेला नाही आणि त्याच्या दारातच इजा झाली. पुढे लोक शहाणे झाले, फट उरू नये म्हणून ती नळी बारीक दुर्बिणीऐवजी जाड नळीवरून सरकवायला लागले. नव्वदच्या दशकात ह्यूस्टनच्या सईद यांचं सहा बँडचं उपकरण आलं, एकदाच आत जाऊन सहा बार. मग बाहेरच्या नळीची गरजच राहिली नाही.

स्टीगमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. १२९ रुग्ण, ६५ जणांना सुई, ६४ जणांना बँड. गुंतागुंत सुईवाल्यांत २२ टक्के, बँडवाल्यांत २ टक्के. मृत्यू सुईवाल्यांत २९ जणांचे, बँडवाल्यांत १८ जणांचे. यानंतर अन्ननलिकेच्या शिरांसाठी सुईचं राज्य हळूहळू संपलं.

तुम्ही मात्र नियम विसरू नका. बँड लावलेल्या त्या जांभळ्या गोळ्याचं पुढे काय होतं? त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो मरतो, आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बँडसकट गळून पडतो. खाली उथळ व्रण उरतो. सुईच्या व्रणाहून उथळ, लवकर भरणारा. बहुतेकांना तो पडला कधी आणि भरला कधी पत्ताही लागत नाही. काही थोड्यांत बँड शीर नीट बंद व्हायच्या आधीच गळतो, किंवा व्रणाच्या तळाशी दाब तसाच असतो. ज्यांचं यकृत फार खचलेलं, रक्त गोठायला वेळ लागतो, त्यांना हा धोका जास्त. म्हणजे ज्याला उपचाराची सर्वाधिक गरज, त्यालाच त्याचा घाव सोसवत नाही.

जठराच्या शिरांचं प्रकरण वेगळं. जठराच्या वरच्या घुमटातली शीर अंगठ्याएवढी जाड असू शकते. ती टोपणात पूर्ण येत नाही, अर्धवट आवळली तर बँड सुटताना मोठं भोक उरतं. टोचण्याचं औषध तिथल्या वेगवान रक्तात वाहून जातं. १९८६ मध्ये हॅम्बुर्गला, मूळचे इंडोनेशियाचे निब सोहेन्द्रा यांनी तिथे चक्क गोंद भरला. सायनोॲक्रिलेट, आपल्या फेव्हिक्विकच्या गोत्रातला. रक्त लागताच काही सेकंदांत दगड.

ही सिरिंज तुम्हाला दाबायची आहे, आणि या प्रवासात सगळ्यात जड हात तुमचा इथे होणार. सगळ्यांनी चष्मे चढवलेत. रुग्णाचे डोळेही झाकलेत, कारण उडालेला एक थेंब बुबुळाला चिकटेल. गोंदाच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये त्याहून थोडं जास्त लिपिओडॉल मिसळलंय. खसखशीच्या तेलात आयोडिन घालून केलेलं हे द्रव्य. त्याने गोंद थोडा उशिरा घट्ट होतो आणि एक्स-रेमध्ये पांढरा दिसतो. तेल कमी पडलं तर गोंद सुईतच थिजेल. जास्त झालं तर शिरेत थिजायच्या आत पुढे निघून जाईल. हळू दाबलंत तर सुई शिरेत चिकटून बसेल आणि ओढून काढताना शीर फाटेल. घाईने, जास्त भरलंत तर तेही पुढे जाईल. सुई काढल्यावर चुकून कुणी सक्शनचं बटण दाबलं तर लाखो रुपयांची दुर्बीण आतून बुजलीच म्हणून समजा.

"आता," असं ऐकू येतं. तुम्ही दाबता. मागोमाग पाणी, नळीतला उरलेला गोंद पुढे ढकलायला. सुई बाहेर. धार थांबते. इतकी अचानक, की खोलीत कुणीतरी हसतं.

खोलीच्या दारावरची पाटी मी इथे पुसून टाकतो, कारण पुढचं हॅम्बुर्गचं नाही; ते जगात गोंद वापरणाऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेलं आहे. चार मिनिटं पुढे या. रुग्ण खोकतो. ओठांचा रंग बदलतो. घुमटातल्या शिरांमधून पुष्कळदा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत जाणारी एक आडवाट उघडलेली असते. तिथून मोठी शीर, तिथून हृदयाची उजवी बाजू, तिथून फुप्फुस. एक्स-रेवर फांद्या फुटलेल्या पांढऱ्या रेषा दिसतात: तुम्ही मघाशी दाबलेला गोंद. पुष्कळदा हे कण एवढे बारीक असतात की रुग्णाला काही जाणवतही नाही, फक्त फोटोत सापडतात. पण ज्याच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनचं छिद्र उघडं आहे, त्याच्यात तोच कण मेंदूत जातो आणि माणूस अर्धांगाने पडतो. उलट दिशेला गेला तर पाणथरीचा तुकडा मरतो. दोन आठवडे पुढे गेलात तर कुणाचा ताप उतरत नाही, कारण शिरेतल्या दगडावर जंतूंनी घर केलंय. तीन महिन्यांनी दुर्बिणीत जठराच्या अस्तरातून गोंदाचं टोक डोकावताना दिसतं. शरीर तो परका तुकडा बाहेर ढकलतंय. ओढू नका. आपोआप पडू द्या. शिरेचं तोंड नीट बंद व्हायच्या आत पडला, तर पुन्हा रक्त.

चीनमधल्या एका मोठ्या नोंदीत ७५३ रुग्णांपैकी ४.४ टक्क्यांत गोंद लवकर गळून रक्तस्राव झाला, १.३ टक्क्यांत रक्तात जंतुसंसर्ग आणि ०.७ टक्क्यांत गोंद दूर कुठेतरी जाऊन अडकला. आकडे लहान आहेत. घुमटातली शीर तशीच वाहू दिली तर काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला ते फारच लहान वाटतात. पुढे अमेरिकेत आणि स्पेनमध्ये पोटाच्या आतून सोनोग्राफी करत शीर शोधून तिच्यात आधी धातूची वेटोळी सोडायला लागले, म्हणजे गोंदाला धरून राहायला जाळं मिळतं. जपानमध्ये कानागावा यांनी उलट बाजूने येऊन ती मूत्रपिंडाची आडवाटच फुग्याने अडवली. तिथेही हिशेब चुकत नाही: आडवाट बंद झाली की पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा जोर धरतात.

दिल्लीत थोडं थांबा. कुठल्याही खोलीत नको, कागदपत्रांपाशी. शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी ५६८ रुग्णांच्या शिरा पाहून १९९२ मध्ये जठराच्या शिरांची जी वर्गवारी केली, ती आज जगभर वापरतात. कोणती शीर अन्ननलिकेतून खाली उतरलेली, कोणती घुमटात स्वतंत्र वाढलेली, कोणती किती रागीट. मला त्यात जास्त बोलकी वाटते ती दुसरीच नोंद: अन्ननलिकेतल्या शिरा बंद करून झाल्यावर काहींच्या जठरात नव्या शिरा उगवल्या. वरचा ओहोळ बुजवला, दाब तिथेच होता. बँड, सुई, गोंद यांतलं काहीही त्या दाबाला हात लावत नाही.

आता आजचा दिवस. महाराष्ट्रातलंच एक शहर, एक खासगी रुग्णालय, कुठलंही. तुम्ही स्वतःच्या काळात परत आला आहात आणि या खोलीत पाऊल टाकताच दिसतं, की मागच्या सगळ्या वॉर्डांतले दिवस इथे दुर्बिणीच्या आधीच येऊन बसलेत. पंचेचाळिशीचा माणूस, रक्ताची उलटी झालेली. दुर्बीण घालायच्या आधी दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन चालू झालंय. प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन गेलंय, कारण अशा रुग्णांना जंतुसंसर्ग गाठतो आणि संसर्ग झाला की रक्त पुन्हा सुटतं. नातेवाईक "रक्ताच्या आणखी बाटल्या चढवा" म्हणून मागे लागलेत, पण हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत हात आखडता ठेवायचा, हे बार्सिलोनाच्या २०१३ च्या चाचणीनंतर ठरलंय. सढळ रक्त दिलं की दाबही चढतो. रुग्ण गुंगीत आहे म्हणून आधी श्वासनलिकेत नळी, नाहीतर ओकलेलं रक्त फुप्फुसात. मग बँड, खालून वर, गोल फिरत. सहा.

त्याची बायको बाहेर बाकावर आहे. "आता शिरा बांधल्या ना डॉक्टर? म्हणजे ह्यांना आता काही भीती नाही?"

पाचव्या दिवशी तो घरी जातो. कागदावर लिहिलेलं असतं: आम्लाची गोळी, कार्व्हेडिलॉल, पेज, वरण-भात, मऊ. चिवडा-शेंगदाणे नकोत, अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आणून घ्यायची नाही, दारू कायमची बंद, तीन आठवड्यांनी पुन्हा बँडिंग. शी काळी झाली तर लगेच या. कागद नीट घडी करून पिशवीत जातो.

आठव्या दिवशी रात्री अकरा वाजता तो कॅज्युअल्टीत परत येतो, शर्ट पुढून भिजलेला. दुर्बिणीत दोन बँड अजून जागेवर आहेत, गळलेल्यांपैकी एकाच्या जागी व्रण आणि त्यातून रक्त झिरपतंय. तिथे नवा बँड बसायला भिंत धड नाही. पावडर फवारून वेळ मिळवता येईल, आतून जाळीची नळी बसवून दाबता येईल. पण यकृताची अवस्था पाहता आता दाबालाच हात घालावा लागणार: गळ्यातल्या शिरेतून यकृतात शिरून आतल्या आत वाट काढणारी टिप्स नावाची प्रक्रिया. २०१० मध्ये बार्सिलोनाहूनच आलेल्या चाचणीने दाखवलं, की अशा जास्त धोक्याच्या रुग्णांत ती पहिल्या तीन दिवसांतच केली तर जीव वाचतात. १९४५ ची तीच कल्पना, पोट न फाडता. टिप्स या शहरात होत नाही. रुग्णवाहिका मागवलेली आहे.

बायकोपुढे संमतीचा कागद आहे. ती पेन हातात धरून विचारते, "ह्याने तरी पुढं काही होणार नाही ना?"

हा तुमचा काळ आहे, बोलायची मुभा आहे. वॉर्डबॉय मामांना सांगून तुम्ही खुर्ची ओढून घेता आणि दिवसांच्या क्रमाने सांगायला लागता. पहिले दोन दिवस कशावर लक्ष ठेवतील. आठवड्याने सोनोग्राफी कशासाठी करतील. आणि महिन्या-दोन महिन्यांत काय होऊ शकतं: रक्त यकृताला टाळून जाणार, त्यामुळे डोक्यावर परिणाम होऊ शकतो. रात्रीची झोप उडून दिवसा झोपायला लागले, नेहमीची सही वेडीवाकडी यायला लागली, बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले, हात पुढे धरल्यावर थरथरले, तर दारू प्यायले असतील असं समजून भांडायचं नाही. शी दिवसातून दोन-तीनदा साफ होतेय का बघायचं, त्यासाठीचं पातळ औषध चुकवायचं नाही, आणि या नंबरवर फोन करायचा. कितीही वाजले असोत.

ती नंबर कागदाच्या मागे लिहून घेते आणि विचारते, सहीचं काय म्हणालात, ती कुठली सही बघायची, बँकेतली का?